कोल्हापूरहून विमानाने जाताना: तिकीट किती, खर्च किती?

मोबाइलवर दोन भाडी शेजारी शेजारी दिसतात. कोल्हापूर–हैदराबाद ४,८०० रुपये आणि पुणे–हैदराबाद ३,६०० रुपये. बाराशे रुपये वाचतात म्हटल्यावर बहुतेकांचे बोट पुण्याच्या तिकिटावर जाते. मग पुण्याची एसटी, स्वारगेटहून लोहगाव विमानतळाची रिक्षा, मधला नाश्ता, वाया गेलेला अर्धा दिवस हे सगळे वेगळ्या खिशातून जाते आणि त्याची बेरीज कोणी करत नाही.

हा लेख त्या बेरजेसाठी आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, कागल, निपाणी या पट्ट्यातल्या प्रवाशाने कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमान कधी धरावे, पुणे किंवा बेळगाव कधी गाठावे आणि रेल्वेच कधी बरी, हे कसे ठरवायचे ते पाहू. भाडी रोज बदलतात. म्हणून इथे उदाहरणात घेतलेली भाडी आणि वाहनखर्च हिशेबापुरते धरलेले आहेत. तुमच्या तारखेचे आकडे त्या जागी घाला, रीत तीच राहील.

लहान धावपट्टी, मोजक्या जागा

कोल्हापूरचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. इतका जुना असूनही नियमित विमानसेवा मात्र इथे कायम टिकली नाही. किंगफिशरची सेवा २०११मध्ये थांबली आणि त्यानंतर बरीच वर्षे विमानतळ जवळजवळ रिकामा होता. सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१८मध्ये अलायन्स एअरने हैदराबाद आणि बंगळूरची सेवा सुरू केली, पुढच्या वर्षी इंडिगो आणि ट्रूजेट आल्या. ट्रूजेट २०२२मध्ये बंद पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरने मुंबईची फेरी सुरू केली. नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले.

ग्राहकाने यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली, लहान विमानतळावरचे मार्ग येतात आणि जातात. गेल्या वर्षी विमान होते म्हणजे या वर्षीही असेल, असे धरून लग्नाची तारीख किंवा परदेशाचे तिकीट ठरवू नका. विमान कंपन्यांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. या दोन तारखांच्या पलीकडचे तिकीट फार आधी काढले असेल, तर वेळ किंवा वार बदलल्याचा निरोप येऊ शकतो.

दुसरी गोष्ट धावपट्टीची. ती वाढवून १,९३० मीटर झाली आणि २,३०० मीटरपर्यंत नेण्याचे नियोजन आहे. तोवर इथे चालतात ती साधारण सत्तर ते ऐंशी आसनांची एटीआर किंवा एम्ब्रेअर विमाने. पुण्याहून उडणाऱ्या एअरबसमध्ये १८० किंवा त्याहून अधिक आसने असतात. कंपन्या सगळ्या जागा एकाच भावाने विकत नाहीत. थोड्या स्वस्त, मग थोड्या महाग, शेवटच्या सर्वांत महाग अशी चढण असते. विमानच लहान, तर स्वस्त जागाही कमी. दहापैकी एक जागा सर्वांत खालच्या भावाला असे धरले, तर मोठ्या विमानात अठरा आणि आपल्याकडे सात-आठ. एखादे कुटुंब आणि एखाद्या कारखान्याची चार माणसे एवढ्यांनी त्या संपतात. म्हणून पुण्याहून आठवडाभर आधी मिळणारा भाव कोल्हापूरला मिळवायचा, तर महिना-दीड महिना आधी हात चालवावा लागतो.

तिकिटाची फोड समजून घ्या

पैसे भरण्यापूर्वी ‘भाड्याचा तपशील’ उघडून पाहा. त्यात साधारणपणे पुढच्या रकमा असतात.

मूळ भाडे: कंपनीचे स्वतःचे. काही कंपन्या इंधन अधिभार वेगळा दाखवतात.

जीएसटी: इकॉनॉमी वर्गाला ५ टक्के. बिझनेस वर्गाला २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के. एम्ब्रेअर १७५सारख्या विमानात पुढच्या रांगा बिझनेसच्या असतात. दोन वर्गांच्या भाड्यांत फरक थोडा दिसला, तरी कर धरून तुलना करा.

सुरक्षा शुल्क: देशांतर्गत प्रवासात दर प्रवाशामागे २०० रुपये.

विमानतळ वापर शुल्क: प्रत्येक विमानतळाचे वेगळे. वर्षाला ३५ लाखांहून अधिक प्रवासी असलेल्या मोठ्या विमानतळांचे दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते. काही ठिकाणी उतरणाऱ्या प्रवाशाकडूनही हे शुल्क घेतले जाते, म्हणून येतानाचे तिकीट जातानाच्या तिकिटापेक्षा थोडे वेगळे दिसते.

सुविधा शुल्क: ऑनलाइन पैसे भरल्याबद्दल कंपनी किंवा पोर्टल आकारते ती रक्कम. ती दर माणसामागे, दर फेरीमागे लागते. चौघांचे जाणे-येणे म्हणजे आठ वेळा. पोर्टलने दाखवलेली ‘सवलत’ आणि हे शुल्क यांची वजाबाकी केल्याशिवाय खूश होऊ नका. तेच तिकीट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शेवटच्या पानापर्यंत नेऊन पाहा आणि मग ठरवा.

यापुढच्या सगळ्या रकमा ऐच्छिक असतात: आसन निवड, जेवण, विमा, लवकर चढण्याची सोय. काही ठिकाणी विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते, ती काढा. आसन न निवडता वेब चेक-इन केले की उरलेल्यातले एखादे आसन फुकट मिळते. एटीआरमध्ये दोन-दोन आसनांच्याच रांगा असतात, त्यामुळे मधल्या आसनाची धास्ती नाही. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे पैसे घेता येणार नाहीत, असे नागरी उड्डाण मंत्रालयाने २०२२मध्ये स्पष्ट केले आहे.

व्यवसायासाठी जाणाऱ्यांनी तिकीट काढतानाच फर्मचा जीएसटी क्रमांक घालावा. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या अनेक उद्योजकांची तिकिटे वैयक्तिक नावाने, क्रमांकाविना निघतात आणि कराचे क्रेडिट हातचे जाते.

‘उडान’चे स्वस्त तिकीट कोणाला?

‘उडान’ योजना सुरू झाली तेव्हा तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा होती. नंतर ती महागाईप्रमाणे वाढत गेली. अजूनही अनेकांना वाटते, की कोल्हापूरचे विमान ‘उडान’चे, म्हणजे अडीच हजारांत तिकीट मिळायलाच हवे. तसे नाही. मर्यादा विमानातल्या साधारण निम्म्या जागांनाच असते, उरलेल्या जागा कंपनी बाजारभावाने विकते. सरकार कंपनीला तोटा भरून देते तोही तीन वर्षेच, आणि फक्त त्या योजनेत मंजूर झालेल्या मार्गावर. त्यानंतर भाडे पूर्णपणे कंपनीच्या हाती. एकाच विमानतळावरून सुटणाऱ्या दोन विमानांपैकी एक योजनेतले आणि दुसरे बाहेरचे असू शकते.

एरवी देशातल्या विमानभाड्याला कमाल मर्यादा नसते. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली तेव्हा सरकारने तात्पुरती मर्यादा घातली होती (५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये), तो अपवाद. तेव्हा दिवाळीत भाडे तिप्पट झाले म्हणून तक्रार करून पैसे परत मिळत नाहीत. उपाय एकच, लवकर तिकीट काढणे.

कोल्हापूर की पुणे? चार ओळींचा हिशेब

सुरुवातीचेच उदाहरण घेऊ. फरक माणशी १,२०० रुपये.

एकटा प्रवासी, एसटीने पुण्याला: एसटी ५०० रुपये, पुण्यातली रिक्षा ३५०, खाणेपिणे २००. एकूण १,०५०. कोल्हापूरला घरातून उजळाईवाडीपर्यंत रिक्षाचे २५० धरले, तर पुण्याला जाण्याचा जादा खर्च ८०० रुपये. बाराशे वाचवायला आठशे गेले, हाती उरले ४००. त्यासाठी किमान सहा-सात तास जास्त.

चौघांचे कुटुंब, एसटीने: एसटी २,०००, पुण्यात कॅब ५००, खाणेपिणे ८००. एकूण ३,३००. त्यातून स्थानिक ४०० वजा केले, तर जादा खर्च २,९००. तिकिटांत वाचले ४,८००. हाती १,९०० रुपये उरले. सुटीचा निवांत प्रवास असेल आणि सोबत लहान मूल किंवा आजी-आजोबा नसतील, तर विचार करण्याजोगे.

चौघांचे कुटुंब, भाड्याच्या गाडीने: कोल्हापूर–पुणे सुमारे २३५ किलोमीटर. गाडी एकतर्फी नेली, तरी बहुतेक मालक परतीचे अंतर लावतात. ४७० किलोमीटर, दर १४ रुपये, म्हणजे ६,५८०. चालक भत्ता ४०० आणि किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर या चार नाक्यांचा येता-जाता टोल ८०० धरू. खाणेपिणे ८००. एकूण ८,५८०. स्थानिक ४०० वजा जाता ८,१८०. तिकिटांत वाचले ४,८००. म्हणजे ‘स्वस्त’ पुण्याने ३,३८० रुपये जास्त घेतले.

आता यातून नियम काढा. पर्यायी विमानतळ गाठण्याचा जादा खर्च भागिले माणसे. येणारी रक्कम म्हणजे कोल्हापूरच्या तिकिटाला तुम्ही माणशी जास्तीत जास्त किती मोजावेत याची मर्यादा. वरच्या उदाहरणात एकट्याला ती ८०० रुपये, एसटीने जाणाऱ्या चौघांना माणशी ७२५ आणि गाडी करणाऱ्या चौघांना माणशी २,०४५ येते. फरक यापेक्षा कमी असेल, तर कोल्हापूर निर्विवाद स्वस्त. जास्त असेल, तरच वेळेचा हिशेब मांडायचा.

एसटीच्या सवलती यात मोठा फरक करतात. महिलांना निम्मे भाडे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि ७५च्या पुढे मोफत. दोन बायका आणि ७६ वर्षांचे वडील असतील, तर तिघांचे पुण्यापर्यंतचे भाडे मिळून एका तिकिटाएवढे होते. या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत, बेळगावला जाताना पूर्ण मार्गाला लागू होत नाहीत.

स्वतःची गाडी नेणार असाल तर इंधन आणि टोल यांच्यासोबत तितक्या दिवसांचे पार्किंग धरा. पुण्यात चार-पाच दिवस गाडी उभी ठेवली, तर तिकिटातली बचत तिथेच जाते. खासगी गाडीला फास्टॅगचा वार्षिक पास असेल (एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतले जे आधी), तर या नाक्यांवरचा खर्च नगण्य होतो. भाड्याच्या टॅक्सीला तो पास चालत नाही.

आणखी एक धोका पैशात मोजता येत नाही. पुण्याच्या वाटेवर कामे चालू असतात, खंबाटकीत आणि शहराच्या तोंडाशी वाहने अडकतात. कंपनीचे काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होते. सकाळी नऊच्या विमानासाठी मध्यरात्रीच निघावे लागते किंवा आदल्या दिवशी मुक्काम. मुक्काम आला की पुण्याचा पर्याय बाद.

बेळगाव आणि गोवा

बेळगावचा सांबरा विमानतळ कोल्हापूरपासून सुमारे ११०-१२० किलोमीटरवर. निपाणी, गडहिंग्लज, चंदगड, आजरा इथल्यांना तो पुण्यापेक्षा कितीतरी सोयीचा आहे, गडहिंग्लज-चंदगडला तर उजळाईवाडीच्या तोडीचा. तिथली धावपट्टी २,३०० मीटरची, त्यामुळे एअरबस उतरते. दिल्लीसाठी थेट विमान सुरू होऊ शकले ते त्यामुळेच. दिल्ली, बंगळूर, हैदराबाद, मुंबई शोधताना कोल्हापूरसोबत बेळगावही पाहण्याची सवय लावा. कोगनोळी आणि हत्तरगी या दोन नाक्यांचा टोल हिशेबात धरा.

गोव्यात दोन विमानतळ आहेत: दाबोळी आणि पेडणे तालुक्यातला मोपा. कोल्हापूरहून आंबोलीमार्गे जाणाऱ्याला मोपा जवळ, साधारण दीडशे किलोमीटर. दाबोळी त्याच्याही पुढे साठ-एक किलोमीटर. तिकिटावर मोपाचा संकेत ‘जीओएक्स’, दाबोळीचा ‘जीओआय’. पावसाळ्यात घाटरस्ता, धुके आणि दरडी लक्षात घेता जून ते सप्टेंबर हा पर्याय टाळलेला बरा.

मुंबईचेही आता तसेच आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तिकीट काढताना संकेत पाहा: ‘बीओएम’ म्हणजे सांताक्रूझ-अंधेरी, ‘एनएमआय’ म्हणजे उलवे. ठाणे-पनवेलला जाणाऱ्याला एक सोयीचे, अंधेरी-बोरिवलीला जाणाऱ्याला दुसरे. चुकीचे निवडले, तर हजारभर रुपये कॅबला आणि दोन तास वाहतुकीला जातात. पुढे परदेशाचे विमान असेल, तर ही तपासणी दोनदा करा.

कोणत्या मार्गाला विमान परवडते?

मुंबई: महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघते, सकाळी मुंबईत पोचवते आणि एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचवते. एकट्यादुकट्या, हातात वेळ असलेल्या माणसाला तीच स्वस्त. विमान तेव्हा घ्या, जेव्हा आजारी माणूस सोबत आहे, रेल्वेचे आरक्षण मिळत नाही किंवा कामाच्या वाचलेल्या दिवसाची किंमत तिकिटापेक्षा जास्त आहे.

हैदराबाद, बंगळूर: विमानाचा खरा फायदा इथे. रस्त्याने किंवा रेल्वेने एक रात्र आणि वर काही तास, विमानाने दीड तासाच्या आसपास. शिवाय ही दोन्ही मोठी केंद्रे आहेत. तिथून चेन्नई, कोची, कोलकाता किंवा परदेश गाठता येतो.

तिरुपती: कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेस थेट जाते, पण जवळजवळ अख्खा दिवस घेते. थेट विमान २०१९मध्ये सुरू झाले, पुढे कधी चालू तर कधी बंद असे होत आले आहे. इथे क्रम महत्त्वाचा: आधी ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन, मग विमान. उलटे केलेत, तर दर्शनाची तारीख जुळत नाही आणि विमानाचे तिकीट बदलण्याचा दंड बसतो. रेणिगुंट्याच्या विमानतळावरून तिरुमलावर जाण्याचा टॅक्सीखर्चही धरा.

नागपूर: रेल्वेला चोवीस तासांहून अधिक लागतात. थेट विमान असेल त्या काळात हा प्रवास विमानानेच करावा. भाडे जास्त दिसले, तरी दोन्ही बाजूंचे मिळून दोन दिवस वाचतात.

एक तिकीट की दोन?

कोल्हापूरहून हैदराबाद एका कंपनीने आणि तिथून पुढे दुसऱ्या कंपनीने, अशी दोन सुटी तिकिटे अनेकदा स्वस्त पडतात. पण पहिले विमान रद्द झाले, तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. परदेशाला जाणाऱ्याने एकच पीएनआर घ्यावा. ते जमत नसेल, तर आदल्या दिवशी पोचावे आणि मुक्कामाचा खर्च तिकिटातच मोजावा.

सामानात पैसे जातात ते असे

इकॉनॉमीत बहुतेक कंपन्या १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातले सामान देतात. त्यावर विमानतळावर वजन भरले, तर किलोमागे साधारण ५०० ते ६०० रुपये मोजावे लागतात. पाच किलो गुळाची ढेप भेट म्हणून नेली आणि ती जादा वजनात गेली, तर ढेपेपेक्षा तिचे भाडे किती पट होते ते पाहा. जादा वजन लागणारच असेल, तर ते आधी ऑनलाइन घ्या, स्वस्त पडते. विद्यार्थ्यांच्या भाड्यात काही कंपन्या १० किलो जादा देतात. ओळखपत्र मात्र बरोबर हवे.

कांदा-लसूण मसाला, तिखट, लोणचे हे चेक-इनच्या पिशवीत ठेवा, हातातल्या पिशवीत सुरक्षा तपासणीला अडते. सुके खोबरे कुठेच चालत नाही. पॉवर बँक उलट, ती फक्त हातातल्या पिशवीत. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठी ट्रॉली विमानाशी काढून घेतली जाऊ शकते, म्हणून औषधे, दागिने आणि कागदपत्रे छोट्या पिशवीत जवळ ठेवा.

रद्द तुम्ही केले तर

कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढले असेल आणि प्रवासाला सात दिवसांहून अधिक अवधी असेल, तर निदान पहिले २४ तास ते दंडाविना रद्द करता किंवा बदलता येते. बदलताना नव्या विमानाच्या भाड्यातला फरक भरावा लागतो. त्यानंतर मात्र दंड बसतो आणि देशांतर्गत प्रवासात तो अनेकदा तीन हजारांच्या घरात असतो. त्याला एक मर्यादा आहे: मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा दंड जास्त असू शकत नाही.

म्हणजे भाडे पूर्ण बुडाले, तरी सुरक्षा शुल्क आणि विमानतळ वापर शुल्क परत मिळालेच पाहिजे. ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही आणि विमान चुकले तरीही. चौघांचे मिळून ही रक्कम हजाराच्या आसपास सहज जाते. ती मागितल्याशिवाय बहुधा येत नाही, म्हणून मागा.

रद्द कंपनीने केले तर

लहान विमानतळावर हाच सर्वांत मोठा खर्च. पुण्याला पुढचे विमान दोन तासांनी असते, इथे उद्या किंवा परवा. म्हणून नियम पाठ असू द्या.

विमान रद्द झाले, की पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, निवड प्रवाशाची. कंपनीने दोन आठवड्यांच्या आत आणि पुरेशी पूर्वसूचना न देता रद्द केले, तर त्यावर भरपाईही: तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा एकतर्फी मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांतली कमी असेल ती रक्कम. खराब हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने रद्द झाले, तर भरपाई नाही. पर्याय किंवा परतावा मात्र तेव्हाही मिळतो.

उशीर दोन तासांहून अधिक झाला, तर अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणांना खाणेपिणे कंपनीने द्यायचे. उशीर सहा तासांपलीकडे जाणार असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो.

यात एक पळवाट आहे. ज्याने तिकिटावर आपला संपर्क नीट दिला नाही, त्याला भरपाई मिळत नाही. एजंटाकडून काढलेल्या तिकिटावर बहुतेक वेळा एजंटाचाच मोबाइल क्रमांक असतो. विमान रद्द झाल्याचा निरोप त्याला जातो आणि तुम्ही उजळाईवाडीला पोचता. तिकीट हातात पडताच त्यावर आपला क्रमांक आहे का ते पाहा.

पर्याय देताना कंपनी बेळगाव किंवा पुण्याहून जाण्यास सांगू शकते. तिथवरच्या गाडीची सोय कोण करणार, हे काउंटरवर विचारा आणि उत्तर लेखी किंवा मेसेजवर घ्या. स्वतः टॅक्सी केलीत, तर पावती ठेवा.

तक्रारीचा क्रम असा: आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल, मग नागरी उड्डाण मंत्रालयाचे ‘एअरसेवा’, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.

पैसे भरण्यापूर्वी

१. विमान आठवड्यातून किती दिवस आहे? रोज नसेल, तर रद्द झाल्यावर किती दिवस अडकाल?
२. कोल्हापूर, बेळगाव, पुणे ही तिन्ही भाडी, सर्व शुल्कांसह, शेवटच्या पानापर्यंत पाहिलीत का?
३. जादा प्रवासखर्च भागिले माणसे, हा भागाकार केलात का?
४. नाव आधारवरच्या स्पेलिंगप्रमाणेच आहे का? कंपनीकडून थेट तिकीट काढले असेल, तर किरकोळ चूक २४ तासांत विनाशुल्क सुधारता येते.
५. तिकिटावर तुमचाच मोबाइल क्रमांक आहे का?
६. पोचण्याची वेळ चुकवून चालणारच नाही, अशी आहे का? परीक्षा, व्हिसाची मुलाखत, शस्त्रक्रिया, परदेशाचे विमान असेल, तर एक दिवस आधी निघा.

थोडक्यात निवाडा असा. हैदराबाद, बंगळूर, नागपूरसाठी माणशी हजार रुपये जास्त द्यावे लागले, तरी थेट विमान असेल तेव्हा ते कोल्हापूरहूनच घ्या. मुंबईसाठी आधी रेल्वे पाहा. दिल्लीसाठी बेळगाव तपासा. पुण्याला एसटीने जाणार असाल, तरच पुणे स्वस्त, टॅक्सी करणार असाल तर बहुधा नाही. आणि ज्या दिवशी पोचलेच पाहिजे, त्याच दिवसाचे विमान कोणत्याही भावात घेऊ नका.